फडताळातला मथळा आणि ‘मग?’

आजोळच्या स्वयंपाकघरात भिंतीतलं एक फडताळ होतं. दिवाळीच्या आधी त्यातले डबे खाली उतरवायचे, फळ्या पुसायच्या आणि वर्तमानपत्राचा नवा कागद अंथरायचा, हे काम आम्हा मुलांकडे असे. मधल्या फळीवरचा कागद मात्र आजी बदलू देत नसे, कारण तो अजून धड होता. तेलाच्या डागांनी अर्धा पारदर्शक झालेल्या त्या कागदावर ठळक मथळा होता : घाटात दरड कोसळल्याने वाहतूक बंद. तारखेचा कोपरा कधीच फाटून गेला होता. माझी मावसबहीण तेव्हा नुकती वाचायला शिकली होती. तिने अक्षरं लावत तो मथळा वाचला आणि घाबरून विचारलं, “मग मामा कसा येणार?”

मामा संध्याकाळच्या एसटीने आला. बहीण फडताळापाशी गेली, पुन्हा मथळा वाचून आली आणि म्हणाली, “पण इथे अजून बंदच आहे.”

त्या दिवाळीत आमचा एक खेळ सुरू झाला. दूधवाला उशिरा आला की घाटातली दरड. पोस्टमन आला नाही की दरड. पुढे आम्ही सगळ्या फळ्यांवरचे मथळे वाचून काढले आणि प्रत्येकाला तिचाच प्रश्न लावला : मग? साखर महागली. मग? मंत्री दौऱ्यावर निघाले. मग? ते परत आल्याची बातमी कुठल्याच फळीवर नव्हती, त्यामुळे आमच्या हिशेबात ते वर्षानुवर्षं दौऱ्यावरच होते. आम्ही पोट धरून हसायचो.

हा खेळ मी सोडला नाही. जुना मथळा घ्यायचा, तो शब्दशः खरा मानायचा आणि त्याच्या मागे ‘मग?’ लावत जायचं. पहिल्या ‘मग’ला गंमत वाटते, दुसऱ्याला कल्पना धावू लागते, आणि तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक वेळा असं काही हाती येतं की त्या मथळ्यातलं खरं-खोटं आपोआप वेगळं होतं. मला या खेळाबद्दल फार आस्था आहे. वाचकाने बातमीची परीक्षा कशी करावी हे शिकवणारी इतकी सोपी, इतकी स्वस्त आणि इतकी आनंदाची दुसरी रीत मला माहीत नाही. गोष्ट ऐकणारं मूल ‘मग काय झालं?’ असं विचारतं, तेव्हा ते गोष्ट सांगणाऱ्याला पुढचं सांगायला भाग पाडतं. मथळा त्याच्या स्वभावानेच पुढचं सांगत नाही. तो दार उघडतो आणि निघून जातो. आत काय आहे ते आपण पाहायचं असतं.

आकाशाबद्दलचे मथळे या खेळाला सगळ्यात उत्तम. आकाशात जाऊन वाचक खात्री करू शकत नाही, त्यामुळे तिथे मथळे मोकाट सुटतात.

२५ ऑगस्ट १८३५ ला न्यूयॉर्कच्या ‘सन’ या एका सेंटाच्या वर्तमानपत्राने एक लेखमाला सुरू केली. मथळ्याचा आशय असा, की सर जॉन हर्षेल यांनी केप ऑफ गुड होप इथे थोर खगोलीय शोध लावले आहेत. हर्षेल हे खरोखरच त्या काळचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ आणि खरोखरच तेव्हा दक्षिण आफ्रिकेत निरीक्षणं करत होते. बाकीचं सगळं बनावट होतं. सहा भागांत वाचकांना सांगण्यात आलं, की २४ फूट व्यासाचं, सात टनांच्या आसपास वजनाचं भिंग असलेली दुर्बीण चंद्रावर रोखली आणि तिथे जंगलं दिसली, एकशिंगी निळसर बकऱ्या दिसल्या, दोन पायांवर चालणारे, पिल्लांना कडेवर घेणारे बीव्हर दिसले. बीव्हरांच्या झोपड्यांतून धूर निघत होता, म्हणजे त्यांना अग्नी ठाऊक होता. पुढे वटवाघळासारखे पंख असलेली, चारेक फूट उंचीची माणसं आणि नीलमण्यांचं देऊळ. शेवटी दुर्बीण चुकून सूर्याकडे तोंड करून राहिली आणि भिंगाने वेधशाळाच पेटवली, असं सांगून लेखमाला संपवली. लिहिणारा होता रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक.

आता ‘मग?’ लावू. बीव्हरांच्या चुलीतून धूर निघतो, म्हणजे चंद्रावर हवा आहे. जंगलं आहेत, म्हणजे पाणी आहे. हवा आणि पाणी आहे, म्हणजे ढग आहेत. मग कोजागिरीचं काय? इथे आकाश निरभ्र, मसाला दूध आटून तयार, सगळे गच्चीवर जमलेले, आणि चंद्रावरच आभाळ भरून आलेलं! पंचांगात चंद्रोदयाच्या वेळेशेजारी चंद्रावरच्या हवामानाचा रकाना छापावा लागला असता. संकष्टीला आजी विचारती झाली असती, “उगवला खरा, पण त्याचं तोंड दिसतंय का?” बीव्हरांनी जंगलाला वणवा लावला तर पौर्णिमेला चंद्र धुराने काळवंडला असता आणि ग्रहण मानून लोकांनी आंघोळी केल्या असत्या.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि तरी त्यात पुरावा आहे. हजारो वर्षं माणसं चंद्राकडे पाहताहेत आणि चंद्रावर ढग आल्याची तक्रार कुणीही केलेली नाही. चंद्र एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तो तारा हळूहळू मंद होत नाही, दिवा मालवावा तसा क्षणात नाहीसा होतो. चंद्राला हवेचं वेष्टन असतं तर तसं झालं नसतं. पिधान म्हणतात याला, आणि १८३५ मधल्या खगोलशास्त्रज्ञांना ते चांगलं परिचयाचं होतं. कोजागिरीची गंमत आपल्याला त्याच जागी आणून सोडते.

त्या काळात हा प्रश्न नीट विचारणारा एक माणूस होता, एडगर अ‍ॅलन पो. गूढकथांसाठी आपण त्याला ओळखतो. चंद्रप्रवासाची एक कथा त्याने स्वतः नुकतीच, त्याच वर्षी छापली होती, त्यामुळे ‘सन’च्या लेखमालेकडे त्याने बारकाईने पाहिलं. त्याने केलं काय, तर एक भागाकार. दुर्बीण ४२,००० पट मोठं दाखवते असं लेखमालेत म्हटलं होतं. चंद्र सुमारे २,४०,००० मैलांवर. भागून पाहा : पावणेसहा मैलांहून किंचित कमी. म्हणजे ती दुर्बीण चंद्राला साडेपाच-पावणेसहा मैलांवर आणून ठेवते. पावणेसहा मैलांवरच्या बकरीचा रंग कुणाला दिसला आहे? सिंहगड पुण्याच्या जवळच्या टेकडीवरून किती लहान दिसतो ते आठवा आणि तिथे चरणाऱ्या बकरीची शिंगं मोजून दाखवा. पोची दुसरी शंका तर पहिल्याहून मजेची आहे. असं खरंच काही दिसलं असतं, तर निरीक्षकाच्या पहिल्यांदा हेच डोळ्यात भरलं असतं की चंद्रावरचे प्राणी छतावरच्या माशीसारखे, डोकं खाली आणि पाय वर करून चालताहेत. लेखमालेतला एकही प्राणी तसा चालत नाही. ते सगळे समोरच्या रस्त्यावरून गेल्यासारखे दिसतात.

पोने एका ‘मग?’ने भागाकार केला आणि दुसऱ्याने चित्र डोळ्यांसमोर आणलं. लेखमाला कोसळायला एवढं पुरेसं होतं. त्यासाठी दुर्बीण लागली नाही, केपला जावं लागलं नाही. चौथीच्या मुलाला येणारा हिशेब आणि छतावरची माशी. ‘सन’च्या हजारो वाचकांपैकी बहुतेकांकडे या दोन्ही गोष्टी होत्या. त्या वापरायची सवय नव्हती, एवढंच.

पाऊणशे वर्षांनी मंगळाची पाळी आली. २७ ऑगस्ट १९११ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मथळा होता, की मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे बांधले. इथे कुणी फसवणूक करत नव्हतं. पर्सिव्हल लोवेल हा श्रीमंत आणि कष्टाळू निरीक्षक अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या वेधशाळेत बसून मंगळावर खरोखर रेषा पाहत होता. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्लीने त्या रेषांना जो शब्द वापरला त्याचा अर्थ नुसता चर किंवा पाट असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा मुद्दाम खणलेला कालवा झाला आणि कालवा म्हटल्यावर खणणारे आलेच.

लेखात कालव्यांचं मापही दिलं होतं : लांबी हजार मैल, रुंदी वीस मैल. हा मथळा माझा सगळ्यात आवडता आहे, कारण कालवा काय असतो ते महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या माणसाला फ्लॅगस्टाफच्या माणसापेक्षा जास्त कळतं. कालवा म्हणजे पाणी हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटतं. ज्याच्या शेताच्या बांधावरून कालवा गेला आहे त्याला ठाऊक असतं की कालवा म्हणजे आधी माती. दोन्ही बाजूंना टाकलेले ढिगारे, त्यावर वर्षानुवर्षं वाढलेल्या बाभळी, आणि ‘आमची किती जमीन गेली’ हा न संपणारा विषय.

तेव्हा हिशेब मांडू. हजार मैल गुणिले वीस मैल म्हणजे वीस हजार चौरस मैल, सुमारे ५१,८०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. एका कालव्याला महाराष्ट्राचा सहावा हिस्सा गेला, दोन्ही मिळून एक तृतीयांश. मोबदल्याचे दावे मंगळावरच्या कोणत्या न्यायालयात चालले असते? कालवा अगदी उथळ, फक्त एक मीटर खोल धरला, तरी एकट्याची माती ५,१८० कोटी घनमीटर. एका ट्रकमध्ये दहा घनमीटर भरली तर ५१८ कोटी खेपा. दोन वर्षांत सहा कोटी एकतीस लाख सेकंद असतात. म्हणजे रात्रंदिवस, सण-सुट्टी न घेता, दर सेकंदाला ८२ ट्रक माती ओतून रिकामे व्हायला हवेत. ती माती टाकली कुठे? एवढे ढिगारे कालव्यांपेक्षा आधी दिसायला हवे होते. आणि त्याच वेळी पृथ्वीवर पनामाचा जेमतेम ऐंशी किलोमीटरांचा कालवा फ्रेंचांच्या हातून फसून अमेरिकेकडे आला होता. १९०४ पासून खणत होते, तो १९१४ ला पुरा झाला.

हा हिशेब त्या रविवारी कोणत्याही वाचकाला न्याहारी होईपर्यंत करता आला असता. मातीचा प्रश्न विचारला असता तर रेषा खणलेल्या नसाव्यात, एवढं तरी कळलं असतं. मंगळाचे जवळून फोटो यायला जुलै १९६५ उजाडावा लागला. मरिनर-४ ने पाठवलेल्या चित्रांत कालवे नव्हते, खड्डे होते.

हॅलेच्या धूमकेतूचं थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९१० मध्ये अमेरिकेतल्या यर्कीज वेधशाळेला त्याच्या वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू आढळला आणि मथळ्यांत ‘विषारी शेपूट’ आली. पृथ्वी मे महिन्यात त्या शेपटातून जाणार होती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कामिल फ्लामारियाँ यांच्या नावावर सगळी जीवसृष्टी संपण्याची शक्यता छापून आली. धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या. मग? सगळी माणसं मरणार असतील तर गोळी विकणारा ते पैसे खर्च कुठे करणार होता? तो पैसे मोजून घेतो आहे, यातच त्याचं उत्तर होतं. पृथ्वी १८-१९ मे ला शेपटातून गेली. ते शेपूट इतकं विरळ की प्रयोगशाळेतल्या निर्वात नळीत त्याहून जास्त वायू उरतो.

आपल्याकडे वळू. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आमच्या आधीच्या पिढीने अनुभवली. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठ मकर राशीत एकत्र येणार, म्हणून देशभर यज्ञ झाले, जप झाले, जग बुडण्याची भाकितं झाली. त्यात ‘मग?’ विचारायला जागा फार मोठी होती. राशीत एकत्र येणं म्हणजे आपल्या नजरेच्या एका दिशेला येणं. ठाण्याच्या गाडीची वाट पाहताना फलाटावरून इंजिन, सिग्नल आणि मागचा डोंगर एका रेषेत दिसतात, म्हणून इंजिन डोंगरावर आदळत नाही. शिवाय या आठांतला केतू हा पदार्थच नाही, तो चंद्राच्या मार्गावरचा गणिती बिंदू आहे. त्याला ओढ कसली असणार? ५ तारखेला अमावास्या होती, सूर्यग्रहण होतं, आणि ६ फेब्रुवारीला मंगळवार उजाडला. मला त्या मंगळवारची कल्पना करायला फार आवडतं. जग बुडणार म्हणून ज्याने उधारी फेडली नाही तो वाण्याच्या दुकानासमोरून कसा गेला असेल? भांडण मिटवून निरोप घेतलेल्या दोन भावांनी बांधाचा प्रश्न पुन्हा कोणत्या तोंडाने काढला असेल? मथळे सोमवारपर्यंत होते. मंगळवारचं कुणी लिहून ठेवलं नाही, आणि माणसाच्या स्वभावाबद्दल शिकण्यासारखं सगळं मंगळवारातच होतं.

मग स्कायलॅब. मे १९७३ मध्ये अमेरिकेने सोडलेली ही अंतराळ प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन, १९७९ च्या जुलैत कोसळणार हे नक्की झालं आणि कुठे कोसळणार हे नक्की झालं नाही. ‘स्कायलॅब पडणार’ हा मथळा भीतीला अगदी सोयीचा होता, कारण त्यात ठिकाणाची जागा रिकामी होती आणि ज्याने त्याने तिथे आपल्या गावाचं नाव भरलं. आमच्या आळीतल्या एका वृद्ध बाईंनी वाळवणं गच्चीवरून उचलून ओसरीवर आणली होती. पापडांवर स्कायलॅब नको पडायला! तेलंगणातल्या त्या दिवसांवर २०२१ साली एक तेलुगू चित्रपट आला, त्याचं नावच ‘स्कायलॅब’.

इथेही भागाकार उपलब्ध होता. पृथ्वीवरच्या कुणातरी एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ त १, असं नासाने सांगितलं होतं. तेव्हा जगात चारशे कोटींवर माणसं होती. म्हणजे तुम्हालाच तुकडा लागण्याची शक्यता साठ हजार कोटींत एक. गच्चीवरच्या पापडांना त्या उन्हात कावळ्यांचा धोका कितीतरी अधिक होता.

११ जुलै १९७९ ला तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, आणि पुढे जे घडलं ते कुठल्याही कल्पनेला मागे टाकणारं आहे. एस्परन्स नावाच्या गावातल्या स्थानिक मंडळाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंडाची पावती दिली. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी जमवून तो दंड भरला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. एस्परन्सच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या छपरावर पडलेले तुकडे उचलले आणि विमानाने जाऊन ते जिंकलं. फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून चार-सहा माणसं नेतात, त्या वाहनाला ‘स्कायलॅब’ म्हणतात. ईशान्य थायलंडमध्ये रिक्षेला हेच नाव पडलं आहे. आकाशातून पडायच्या यंत्राच्या भीतीचं रूपांतर जमिनीवरच्या सवारीत झालं. हे कुणी आधी कल्पनेने सुचवलं असतं तर त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं.

२१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार माझ्या पिढीला चांगला आठवतो. गणपती दूध पितो ही बातमी दुपारपर्यंत देशभर पोचली आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत आली. इथे एकच ‘मग?’ पुरेसा होता : मग दूध गेलं कुठे? हजारो चमचे, शेकडो लिटर. ते मूर्तीत साठलं असेल तर मूर्ती जड व्हायला हवी. मातीची मूर्ती असेल तर ती संध्याकाळपर्यंत विरघळायला हवी, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीची गरजच उरणार नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, की चमच्याला मूर्तीचा स्पर्श होताच पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ पडदा होऊन खाली ओघळतं. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आयुष्यभर असेच प्रश्न घेऊन गावोगाव फिरले. श्रद्धेची टिंगल न करता ‘दूध गेलं कुठे?’ एवढंच विचारणं, ही त्यांची रीत मला आजही सर्वांत सभ्य आणि सर्वांत धीराची वाटते.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा. तो लपवला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

१२ जानेवारी १९२० ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली, की रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाच्या मते अग्निबाण चंद्रापर्यंत जाऊ शकेल. दुसऱ्याच दिवशी त्याच पत्राच्या संपादकीय स्फुटाने त्या मथळ्याला ‘मग?’ विचारलं. अग्निबाण हवेच्या बाहेर गेला. मग? तिथे मागे रेटायला हवाच नाही, मग तो पुढे जाणार कसा? शाळेतल्या मुलाला असतं तेवढंही ज्ञान या प्राध्यापकाला नाही, असा निष्कर्ष काढून स्फुटकार मोकळा झाला. हसणं होतं, परिणामांची साखळी होती, सगळं माझ्या खेळासारखंच होतं. आणि ते सपशेल चुकलं होतं. अग्निबाण हवेला रेटत नाही. तो स्वतःच्या पोटातला वायू मागे फेकतो आणि त्या फेकण्याची प्रतिक्रिया त्याला पुढे ढकलते. नावेत उभं राहून काठाकडे जड पोतं फेकलं की नाव मागे सरते, ती काही हवेमुळे नव्हे. न्यूटनचा तिसरा नियम स्फुटकाराने शाळेत ऐकला असेल, पण त्या दिवशी वापरला नाही.

याच्या दोनच महिने आधी, १० नोव्हेंबर १९१९ ला, त्याच पत्रात आणखी एक मथळा येऊन गेला होता : आकाशातले सगळे दिवे तिरपे. आइनस्टाइनच्या सिद्धांताची सूर्यग्रहणात झालेली परीक्षा त्यात सांगितली होती. तारे दिसतात तिथे नाहीत, पण कुणी काळजी करू नये, असंही आश्वासन पोटमथळ्यात होतं. ही बातमी देणारा वार्ताहर एरवी गोल्फच्या स्पर्धांवर लिहीत असे. हा मथळा शब्दशः घेतला तर गलबतं भरकटायला हवीत, ध्रुवताऱ्याकडे पाहून लावलेली लग्नाची बोहली तिरकी व्हायला हवीत. त्यातलं काही झालं नाही, म्हणून मथळा खोटा ठरला का? नाही, तो खरा होता. फक्त सूर्याच्या अगदी कडेला दिसणारा तारा १.७५ विकला सरकतो, म्हणजे एक सेंटिमीटरचं बटण सव्वा किलोमीटरवरून जेवढं दिसेल जवळपास तेवढं. बोहल्याला तेवढ्याने धक्का लागत नाही.

या दोन मथळ्यांमुळे मी माझ्या खेळाचा नियम कडक केला. हसू आलं म्हणजे मथळा खोटा, असं नाही. हसू आलं म्हणजे हिशेब करायची वेळ झाली. पो हसला आणि त्याने भागाकार केला. १९२० चा स्फुटकार हसला आणि थांबला. दोघांच्यात बुद्धीचा फरक नव्हता, एका पायरीचा फरक होता. अज्ञानाला हसणारे पुष्कळ असतात, पण हसल्यानंतर कागद-पेन्सिल घेणारे फार थोडे, आणि मला वाचकांत तेच थोडे वाढलेले पाहायचे आहेत.

काही मथळ्यांशी मात्र मी खेळत नाही. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी दिल्लीला पोचली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ती लोकसभेत सांगितली, आकाशवाणीने दिली. जयप्रकाश जिवंत होते. ते ८ ऑक्टोबरला गेले. एवढ्या मोठ्या संसदेतून जसलोकला एक फोन करून ‘मग आता कसे आहेत?’ असं आधी विचारलं गेलं नाही, याचं मला हसू येत नाही. १२ मे १९०८ च्या ‘केसरी’तला ‘देशाचे दुर्दैव’ हा मथळाही तसाच. त्याच्या पुढच्या ‘मग?’ला संपादकाला झालेली सहा वर्षांची शिक्षा आणि मंडालेचा तुरुंग आहे. जिथे एखाद्या माणसाचं दुःख किंवा धैर्य मथळ्याला चिकटलेलं आहे, तिथे कल्पनेने परिणाम रचू नयेत. तिथे घडलं ते वाचावं.

रॉझवेलमध्ये याच्या उलट झालं. ८ जुलै १९४७ ला न्यू मेक्सिकोमधल्या त्या गावच्या वर्तमानपत्राने मथळा दिला, की हवाई दलाने उडती तबकडी पकडली. ही माहिती लष्करी तळावरूनच आली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच पत्राने मथळा दिला, की एका जनरलने तबकडीतली हवा काढली, म्हणजे ते फुग्याचे अवशेष होते. १९९४ मध्ये हवाई दलाने आणखी खुलासा केला : सोव्हिएत अणुस्फोटांचे आवाज टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचा तो भाग होता. आज त्या गावात परग्रहवासीयांचं संग्रहालय आहे, रस्त्यावरच्या दिव्यांना त्यांचे डोळे काढलेले आहेत. पहिल्या मथळ्यावर एक गाव उभं आहे. दुसरा मथळा शोधून वाचावा लागतो. कल्पनेला हिशेबाची जोड मिळाली नाही की ती थांबत नाही, ती घर बांधते आणि दुकान टाकते.

आता घरात फडताळ नाही, असलं तर त्यात प्लास्टिकचा कागद. मथळा फोनवर येतो आणि संध्याकाळपर्यंत नाहीसा होतो. तो फळीवर पडून राहत नाही, म्हणून कुणा मुलीला ‘इथे अजून बंदच आहे’ असं म्हणायची संधी मिळत नाही. नुकसान इथे होतं. दिवाळी आली की दरवर्षी एक चित्र फिरतं, ‘दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत’. निळे, हिरवे, तांबडे दिवे. मग? पणतीची ज्योत निळी असते का? एका प्रांतात सगळ्यांनी हिरवेच दिवे लावायचं ठरवलं होतं का? ते चित्र एका रात्रीचं नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून, १९९२ पासून २००३ पर्यंत दिव्यांची वस्ती कशी वाढली हे रंगांनी दाखवणारा तो अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञाचा नकाशा आहे. नासाने २०१२ सालीच तसं स्पष्ट केलं. दिव्याचा रंग विचारणारं एक मूल घरात असतं तर ते चित्र त्या घरातून पुढे गेलं नसतं.

म्हणून मराठी संपादकांना माझी एक विनंती आहे. ‘पन्नास वर्षांपूर्वी याच दिवशी’ अशी सदरं अनेक पत्रं चालवतात. त्यात जुना मथळा छापतात आणि तिथेच थांबतात. त्या मथळ्याखाली चार ओळी वाढवा. घोषणा झाली होती ते धरण पुरं झालं का, पाणी कोणत्या गावापर्यंत पोचलं, भाकीत केलेला मंगळवार कसा उजाडला, पकडलेल्या तबकडीचं दुसऱ्या दिवशी काय निघालं. दप्तरं तुमच्याकडे आहेत, माणसं तुमच्याकडे आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे काम एकदा केलं आहे. अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्यांनी १९२० च्या त्या स्फुटाची दुरुस्ती छापली : अग्निबाण हवेबाहेरही चालतो, चुकीबद्दल खेद आहे. तोवर गॉडर्डला जाऊन जवळपास चोवीस वर्षं झाली होती.